निंबाखालची जीप
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या घरी पाहुणा आला आणि त्याने अंगणातल्या निंबाखाली उभ्या असलेल्या जीपबद्दल विचारले, की घरातले सगळे क्षणभर गप्प होत. मग आई चहाचे विचारी, वडील पावसापाण्याचा विषय काढीत, आणि आप्पा, म्हणजे माझे आजोबा, हातात असलेलीच तंबाखूची डबी शोधू लागत. लहानपणी मला वाटे, प्रत्येकाच्या अंगणात अशी एक न चालणारी गाडी असते आणि तिच्याविषयी बोलायचे नसते. आमच्या कोंबड्या तिच्या मागच्या बाकाखाली अंडी घालीत. मी आणि माझा भाऊ तिच्या स्टिअरिंगवर बसून सुरतेला जाऊन येत असू. त्यासाठी पेट्रोल लागत नसे.

आमचे गाव साक्री तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगरांकडे सरकलेले आहे. ब्राह्मणवेलच्या बाजूच्या पवनचक्क्या गच्चीवरून दिसतात. मी शिकायला जळगावला वसतिगृहात राहते. गावी जायचे म्हणजे एरंडोल, पारोळा करीत एस.टी.ने धुळे गाठायचे, तिथून साक्री आणि पुढे मिळेल ते वाहन. या शेवटच्या तुकड्यासाठीच आप्पांनी १९८४ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात ती जीप घेतली होती. गाडी १९६८ सालची, म्हणजे माझ्यापेक्षा सदतीस वर्षांनी मोठी. कांद्याच्या गोण्या, लग्नाची वऱ्हाडे, बाळंतिणी, दहावीच्या परीक्षेला जाणारी पोरे, सगळ्यांना तिने वाहिले. आणि २००३ सालच्या आषाढातल्या एका रात्री ती चालू झाली नाही.

त्या रात्री आजीला मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. आजीला वाटले, मुंगी चावली असेल. पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तेव्हा घर जागे झाले. आप्पांनी जीपचे बटण दाबले. इंजिन फिरे, पण धरत नसे. बॅटरी बसली. मग हँडल मारले. शेवटी कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडून पाहिली, तर ती कोरडी. आप्पा त्या संध्याकाळी साक्रीच्या बाजाराहून आले होते. पेट्रोल भरायचे मनात होते, पण बियाण्यात पैसे संपले म्हणून तसेच परतले होते. पेट्रोलचा काटा तर कित्येक वर्षे मेलेला. बाहेर पाऊस, गावात वीज नाही. पहाटे दुधाची गाडी आली, तिच्यात आजीला घातले. ती वाटेतच गेली.

वडील तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते आप्पांना एवढेच म्हणाले, "पेट्रोल भरलं असतं तर." तेरावे झाल्यावर आप्पांनी चार माणसे बोलावून जीप निंबाखाली ढकलली. त्यानंतर तिच्याविषयी आमच्या घरात कोणी बोलले नाही. हे सारे मला आईने सांगितले, तेही मी कॉलेजात गेल्यावर.

मग मी त्या गाडीच्या वाटेला का गेले? खरे सांगायचे तर कारण अगदी साधे होते. पहिल्या वर्षाची परीक्षा झाली आणि २०२४ च्या मे महिन्यात मी गावी आले, तेव्हा भंगारवाला दारात उभा होता. वडिलांनी सौदा केला होता. आप्पा ओट्यावर पाठ करून बसले होते. मी म्हटले, "मला ही सुट्टी द्या. सुट्टी संपेपर्यंत इंजिन हलले नाही, तर मीच तिला ट्रॉलीत चढवीन." वडील हसले. पण भंगारवाला गेला. आप्पा मागे न वळता म्हणाले, "आते काय उपयोग शे तिना?"

एकटीने हे होणे शक्य नव्हते. माझे मामा भुसावळला रेल्वेत फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना घरी बसवत नव्हते. एक पत्र्याची पेटी घेऊन ते आले आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "भाची, तुझे सगळे पाने परत कर." मी साक्रीहून मिलिमीटरचे पाने आणले होते. ही गाडी मुळात अमेरिकन आराखड्याची, तिचे नटबोल्ट इंचात. मामांच्या पेटीत सुती पाने होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्ध्या इंचाचा पाना तो चार सुती. "साडेचार सुती दे," असे मामांनी म्हटल्यावर हात आपोआप योग्य पान्याकडे जायला मला आठवडा लागला.

जीपची जन्मकथा मी नंतर ग्रंथालयात बसून वाचली. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला. मोठी कामे मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे साडेसहा लाख गाड्या तयार झाल्या. पुढे विलीजने तिचे शेतकरी रूप काढले. आमची जीप 'सीजे-थ्री-बी' या जातीची. या नावातील 'सीजे' म्हणजे नागरी जीप. तिचे बॉनेट बेढब उंच आहे. आत बसवलेले 'हरिकेन' इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. या इंजिनात पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. मामांनी जन्मभर इंजिने पाहिली, पण अशी अर्धी वर, अर्धी खाली मांडणी पाहून तेही थबकले.

आपल्याकडे ही गाडी बनविणाऱ्या कंपनीची कथा तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावी अशीच आहे. १९४५ साली ती महिंद्र अँड महंमद या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. भागीदारांपैकी मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर-जनरल. १९४८ साली कंपनीचे नाव बदलले, महंमदच्या जागी दुसरे महिंद्र आले. आद्याक्षरे तीच राहिली. आमच्या अंगणात कोंबड्यांना आसरा देणाऱ्या गाडीच्या नावात फाळणी दडलेली आहे, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

आणि आपल्या खेड्यांत तर जीप म्हणजे सरकारच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास अधिकारी, हिवतापवाले, कुटुंबनियोजनवाले, निवडणुकीचे उमेदवार, सगळे जीपमधून धूळ उडवीत येऊ लागले. आप्पा सांगतात, त्यांच्या लहानपणी जीपचा आवाज आला की अर्धे गाव तिच्या मागे पळे आणि उरलेले अर्धे लस टोचतील म्हणून शेतात पळे.

काम सुरू झाले ते कोंबड्यांना हाकलण्यापासून. इंजिन जाम झालेले होते. पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटले होते. मामांनी चारही प्लग काढले आणि भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले. "आता थांबायचं. लोखंडाशी भांडायचं नसतं," ते म्हणाले. रोज सकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आम्ही ती बोटभर पुढे, बोटभर मागे हलवीत असू. गावातल्या बायका पाण्याला जाताना थांबत. "पोरीला कॉलेजात हेच शिकवतात का?" असे एकीने आईला विचारले. आई म्हणाली, "मार्क चांगले आहेत तिला." नवव्या दिवशी हँडल एक इंच फिरले. मी ओरडलेच. वडील तेव्हा विहिरीवरून येत होते. त्यांनी पाहिले आणि काही न बोलता आत गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही पेट्रोलची टाकी काढली. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बसण्याच्या जागेखालीच असते. झाकण गंजून असे बसले होते, की मोठा पाइप पाना लावून मामांना आणि मला दोघांना ओढावे लागले. टाकी तिरपी केली, तर तिच्यातून काळपट, चिकट काकवीसारखे काहीतरी सरकत खाली आले. कुजलेल्या व्हार्निशचा वास अंगणभर पसरला. पेट्रोल वर्षानुवर्षे साठून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे हा चिकटा उरतो. मामांनी बॅटरीचा उजेड आत टाकला. टाकीच्या भिंतीवर, तळापासून चार बोटे उंचीवर, सरळ काळी रेघ होती. पूर येऊन गेल्यावर घराच्या भिंतीवर राहते, तशी.

मामा सहज म्हणाले, "आप्पा, गाडी उभी केली तेव्हा टाकीत बरंच पेट्रोल होतं की तुमच्या. साक्रीला जाऊन आला असता."

मामांना काहीच ठाऊक नव्हते. आजी साप चावून गेली एवढेच त्यांना माहीत. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या आईचा हात थांबला. आप्पा खाटेवरून उठले, टाकीजवळ येऊन वाकले आणि कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेट्रोल व्हतं. टाकीमा पेट्रोल व्हतं."

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी ते मंडळ उभे राहिले. गावोगावी फिरून दप्तरे गोळा करणाऱ्या त्या माणसाचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' आम्हाला अभ्यासाला आहे. साधन हाती आले की आधी त्याच्यावर शंका घ्यावी, असे आमचे सर सांगतात. म्हणून मीही शंका घेतली. नंतर कोणी पेट्रोल ओतले असेल का? पण झाकण तर गंजाने बसलेले होते, आणि बंद गाडीत पेट्रोल ओतील कोण? मग त्या रात्री कार्ब्युरेटरची नळी कोरडी का? टाकी खाली आणि कार्ब्युरेटर वर. पेट्रोल आपोआप चढत नाही. इंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप असतो, मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात. त्यातला कापडी-रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, वरखाली होऊन पेट्रोल खेचतो. मामांनी पंप खोलला. डायफ्राम मधोमध फाटलेला होता.

"म्हणजे हाच दोष," मी म्हटले.

मामांनी मान हलविली. "तसं सांगता येणार नाही. एकवीस वर्षांत हा वाळूनही फाटला असेल. कदाचित नळीत कचराही अडकला असेल. पण एक नक्की. टाकीत पेट्रोल होतं आणि वर पोचलं नाही. दोष मधेच कुठेतरी होता."

मला वाटले, आता आप्पांच्या छातीवरचा दगड उतरला. वीस वर्षे ज्या चुकीसाठी ते स्वतःला खात होते, ती चूक त्यांच्या हातून झालीच नव्हती. पण आप्पांचा चेहरा उजळला नाही. मामाही एकाएकी गप्प झाले आणि फडक्याने हात पुसू लागले. दोघेही जाणते होते. मला मात्र ते आप्पांनी बोलून दाखवीपर्यंत कळले नाही.

पंप बिघडला तर गाडी चालविण्याची एक जुनी युक्ती आहे. बाटलीत पेट्रोल घ्यायचे, बाटली कार्ब्युरेटरपेक्षा उंच धरायची आणि नळीने थेट आत सोडायचे. जुना ड्रायव्हर मैलन् मैल अशी गाडी नेतो. आप्पांनीही पूर्वी नेली होती. त्या रात्री टाकीत एक काडी बुडवून पाहिली असती, तर पेट्रोल आहे हे कळले असते. आणि ते कळले असते, तर बाटली आठवली असती. हे आप्पा संथपणे, एकेक शब्द करून बोलले. पेट्रोल भरायला विसरल्याचे ओझे उतरले, पण त्याच खांद्यावर दुसरे येऊन बसले. टाकीचे झाकण उघडून मी कोणाचे भले केले, असे मला वाटू लागले. त्या दुपारी घरात कोणी नीट जेवले नाही.

संध्याकाळी वडील शेतातून आले. आईने त्यांना आत काय सांगितले ते मी ऐकले नाही. ते बाहेर आले, जमिनीवर ठेवलेल्या टाकीजवळ उकिडवे बसले, रेघेवरून बोट फिरविले. मग आप्पांकडे न बघता म्हणाले, "माले बी सुचनं नही, आप्पा. मी बी तठेच व्हतू."

एवढेच. आप्पांनी डबी काढली, तंबाखू मळली आणि अर्धी वडिलांपुढे धरली. माझे वडील तंबाखू खात नाहीत. त्या दिवशी त्यांनी घेतली.

त्यानंतर काम सोपे झाले असे मी म्हणणार नाही. उलट ते खर्चिक झाले. पण आता आम्ही चौघे होतो. टाकीत बारीक खडे आणि साखळीचा तुकडा घालून, धुण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने ती आम्ही खळखळवून धुतली. तिला भोक असूनही मामांनी वेल्डिंगवाल्याकडे नेऊ दिली नाही, आतली वाफ पुरती गेल्याची खात्री होईपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत हेड उतरविले. धुळे हे मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता यांच्या चौकावरचे शहर. तिथे गाडी दुरुस्त करणाऱ्यांना तोटा नाही. पण पेट्रोल जीपचे सामान विचारले की दुकानदार आधी हसत. पुष्कळ जीपगाड्यांची पेट्रोल इंजिने लोकांनी केव्हाच काढून डिझेलची बसविली. "डिझेल टाका, ताई, कशाला त्रास?" असे मला निदान सहा जणांनी सांगितले. हेडचे पॅकिंग अखेर जळगावच्या एका जुन्या दुकानात माळ्यावर मिळाले. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून, वाकू नये म्हणून एस.टी.त पारोळ्यापर्यंत उभ्याने छातीशी धरून आणले. कंडक्टरने विचारले, "फोटो आहे का कोणाचा?"

पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या. आता पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. ब्रेकचे व्हील सिलिंडर, क्लच प्लेट, वायरिंग हेही बदलले. पत्र्याचे काम वडिलांनी अंगावर घेतले. त्यांनी कोणाला न सांगता मागचे कुजलेले फाळके काढून धुळ्याहून नवे करून आणले. बिल कोणाला दाखविले नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, एका सकाळी, मामांनी पॉइंट घासले, गॅप लावली आणि हँडल माझ्या हाती दिले. आप्पा खाटेवरून म्हणाले, "अंगठा!" जुन्या गाड्यांचे हँडल कधी उलटा झटका देते, अंगठा दांड्याभोवती आवळलेला असला तर मोडतो. म्हणून तो बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मी अंगठा सरकविला. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. पाचव्याला ती खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. निंबावरचे कावळे उडाले. आई रडू लागली. मामांनी एक्झॉस्टपाशी कान नेला आणि म्हणाले, "तिसरा सिलिंडर जरा आळशी आहे."

आप्पांचे वय आता ऐंशीच्या घरात. त्यांना दिसते कमी. तरी ते ड्रायव्हरच्या जागी बसले. त्यांचा पाय क्लचवर बरोबर पडला. मोठा गिअर दांडा आणि शेजारचे दोन छोटे दांडे त्यांनी न बघता चाचपले. या गाडीचा पहिला गिअर ती पुरती थांबल्याशिवाय पडत नाही, घाई केली तर करकरते. आप्पांनी तो आवाज न करता टाकला. अंगणातून वेशीपर्यंत आणि वेशीतून परत. मग उतरून त्यांनी किल्ली वडिलांना दिली आणि वडिलांनी मला.

आता कागदपत्रांचा प्रश्न आहे. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी झाली आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला नाही. मी हे वाचून दाखविले तेव्हा आप्पा म्हणाले, "म्हणजे आजारी माणसाला नेता येणार नाही?" वडील म्हणाले, "आता १०८ ला फोन केला की गाडी येते, आप्पा." ते खरे आहे. रस्ता डांबरी झाला, गावात चार चारचाकी आहेत. आजीसाठी हवी होती तशी या जीपची गरज आज कोणाला नाही. तरी व्हिंटेज नको, साध्या नोंदणीचे जमते का बघू, असे घरात ठरले आहे. निर्णय व्हायचा आहे, आणि तोवर ती अंगण आणि आमची शेतवाट एवढ्यातच फिरते.

पेट्रोलचा काटा मामांनी नवा बसवून दिला आहे आणि तो व्यवस्थित चालतो. पण आप्पांनी निंबाची एक सरळ काडी तासून, तिच्यावर चाकूने खुणा करून, ती ड्रायव्हरच्या बाजूला सुतळीने बांधून ठेवली आहे. बाहेर पडताना झाकण उघडून ती टाकीत बुडवायची आणि ओली किती झाली ते बघायचे, असा आमच्या घरचा नियम आहे. काटा बरोबर दाखवीत असला तरी.

रंग अजून द्यायचा आहे.